नुकतीच एमओटी पास झालेली जुनी आलिशान गाडी

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना जुन्या आलिशान गाडीचा मोह पडावा, अशीच इथल्या बाजाराची रीत आहे. नवी असताना साठ-सत्तर हजार पौंडांना विकली गेलेली मोठी सेडान पंधरा-सोळा वर्षांनी एखाद्या साध्या हॅचबॅकच्या किमतीत मिळते, आतले कातडे अजून शाबूत असते, दरवाजा लावताना जड, भरीव आवाज येतो आणि विक्रेता ठामपणे सांगतो की गाडीची एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे का हे पाहणारी सक्तीची सरकारी तपासणी, कालपरवाच झाली आहे, पुढच्या बारा महिन्यांची काळजी नाही, निकालात एकही अ‍ॅडव्हायझरी, म्हणजे नापास न करता दिलेली झिजेची सूचना, नाही. याच आश्वासनावर आमच्या घरातले साडेपाच हजार पौंड घेतले गेले. हे कसे घडले ते मी तपशिलाने लिहीत आहे, कारण त्यानंतर ज्यांच्याशी बोललो त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना एमओटीचा दाखला म्हणजे गाडी चांगली असल्याची सरकारी हमी वाटते.

ती हमी नाही. १९६० साली सुरू झालेली ही तपासणी आज गाडी तीन वर्षांची झाल्यावर दरवर्षी करावी लागते आणि मोटारीसाठी तिचे कमाल शुल्क ५४.८५ पौंड आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आरटीओत नूतनीकरणाला येते आणि मध्ये फक्त पीयूसी काढावी लागते, त्यामुळे इथली वार्षिक तपासणी आपल्याला फार कडक वाटते. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर, दिवे, सीट बेल्ट, गंज, धूर या बाबतीत ती कडक आहेही. पण इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था तिच्या कक्षेत येत नाही, तपासनीसाला गाडीखालची आवरणे काढण्याची मुभा नसते आणि दाखल्याला अर्थ असतो तो फक्त तपासणीच्या त्या घटकेपुरता.

आम्ही पाहिलेली गाडी २००८ साली नोंदलेली, एका जर्मन कंपनीची डिझेल सेडान होती. तिचा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून मी जुने निकाल वाचले होते. हे निकाल २००५ पासून कोणालाही विनामूल्य पाहता येतात आणि त्यात प्रत्येक तपासणीचे मैल, नापास होण्याची कारणे व अ‍ॅडव्हायझरी नोंदलेल्या असतात. या गाडीच्या नोंदी अशा होत्या: काही वर्षे सलग ‘पुढच्या खालच्या आर्मचे बुश झिजलेले’ (म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातले रबर), ‘टायर आतल्या कडेला झिजलेले’, ‘ब्रेक पाइपांवर गंज’ अशा अ‍ॅडव्हायझरी, मग ब्रेक पाइप, बॉल जॉइंट आणि पुढच्या सस्पेन्शनमधून हवा गळणे या कारणांनी नापास, आणि त्यानंतर चार दिवसांत संपूर्ण स्वच्छ पास. मी विक्रेत्याला याबद्दल विचारले. त्याने शांतपणे एक पुठ्ठ्याची फाइल काढली आणि एका गॅरेजची छापील बिले समोर ठेवली. नवे ब्रेक पाइप, दोन नवे एअर स्ट्रट (हवेवर गाडी पेलणारे सस्पेन्शनचे खांब), नवे आर्म, मजुरी, व्हॅट, सगळे त्यात होते. नापास होण्याचे प्रत्येक कारण आणि बिलातली प्रत्येक ओळ एकमेकांना इतकी नेमकी जुळत होती की अविश्वासाला जागा उरली नाही. फसवणूक या बिलांत होती, आणि ती विचारपूर्वक रचलेली होती.

गाडी पाहायला गेलो तेव्हा इंजिन आधीपासून चालू होते. ‘तुमच्यासाठी गरम करून ठेवली’ असे तो म्हणाला. या एका गोष्टीकडे प्रत्येक ग्राहकाने लक्ष द्यावे. मर्सिडीज एस-क्लास, ऑडी ए८, रेंज रोव्हर, जुनी जग्वार एक्सजे अशा गाड्यांत पोलादी स्प्रिंगऐवजी रबराच्या फुग्यांत भरलेली हवा गाडीचे वजन पेलते. रबर वयानुसार घडीच्या जागी तडकते आणि हवा सावकाश झिरपते. पण इंजिन चालू असेपर्यंत काँप्रेसर ती भरून काढत राहतो, त्यामुळे गाडी सरळ उभी दिसते. गळती खरी कळते ती गाडी रात्रभर बंद ठेवल्यावर. आमच्या दारात उभ्या केलेल्या गाडीचे डावे पुढचे चाक दुसऱ्या दिवशी सकाळी मडगार्डच्या आत शिरले होते आणि चावी फिरवताच गाडी फार खाली बसली आहे, थांबा, असा इशारा पडद्यावर आला. सतत चालावे लागल्याने अशा गाडीचा काँप्रेसरही पुढे जळतो, आणि दोन स्ट्रट व काँप्रेसर मिळून आम्हाला जो अंदाज मिळाला तो गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता.

विक्रेत्याशी काहीही संबंध नसलेल्या एका मेकॅनिककडे आम्ही गाडी टो करून नेली. त्याने ती रॅम्पवर चढवली आणि खालचे प्लास्टिकचे आवरण काढले. डाव्या स्ट्रटवर कारखान्याचे मूळ लेबल होते आणि त्यावर २००८ हेच साल होते. मागच्या ब्रेक पाइपांवर काळे अंडरसील, म्हणजे गंजरोधक लेप, जाडसर फासलेले होते. त्याने पेचकसाच्या टोकाने ते हलकेच खरवडले तेव्हा काळ्या थराबरोबर गंजाची खपली निघून आली आणि खालचा पाइप खड्डे पडलेला, ओलसर दिसला. पुढचे टायर बाहेरून चांगले होते, पण आतल्या कडेला रबर संपून दोरे उघडे पडले होते. कायद्याने टायरच्या मधल्या तीन चतुर्थांश रुंदीत १.६ मिलिमीटर खाच पुरते हे खरे, पण दोरा कुठेही दिसला तरी ती गाडी नापासच ठरते. दोन टनांच्या आसपास वजनाच्या गाडीत आर्मचे बुश ढिले झाले की चाकाचा कोन बदलतो आणि टायर नेमका आतून, उभ्या माणसाला न दिसणाऱ्या जागी, खाल्ला जातो.

सर्वांत गंभीर गोष्ट त्याने शेवटी दाखवली. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या डब्याला कापून पुन्हा जोडल्याची वेल्डिंगची वळी होती. डब्यावर बोटाने टिचकी मारली तर तो पोकळ वाजत होता. आतली जाळी काढून टाकलेली होती. २०१४ पासून हा फिल्टर काढलेली गाडी एमओटीत नापास होते, आणि २०१८ च्या मे महिन्यातल्या बदलांनंतर अशा गाडीच्या नळीतून कोणत्याही रंगाचा धूर दिसणेही नापास होण्यास पुरेसे आहे. इतके सारे दोष असलेल्या गाडीला एकही अ‍ॅडव्हायझरी न देणारा दाखला प्रामाणिक तपासणीतून आला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. नवे लॉगबुक, म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, टपालाने आल्यावर त्यावरचा संदर्भ क्रमांक टाकून तपासणीची ठिकाणे पाहता आली, तेव्हा कळले की गाडी एका शहरात नापास झाली होती आणि पास झाली ती तिथून फार दूरच्या दुसऱ्या शहरात.

मेकॅनिकने दिलेला एक सल्ला फार मोलाचा ठरला: काहीही दुरुस्त करू नका. चुकीने पास झालेल्या गाडीबद्दल डीव्हीएसए या सरकारी यंत्रणेकडे तक्रार करता येते, पण त्यासाठी तपासणीच्या तारखेपासून गंजाशी संबंधित दोषांना तीन महिने आणि इतर दोषांना २८ दिवस एवढीच मुदत असते, आणि दोषाची जागा दुरुस्त झाली की पुरावाच संपतो. आम्ही मुदतीत तक्रार केली. विक्रेत्याला लेखी कळवले की २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार पहिल्या ३० दिवसांतला गाडी नाकारण्याचा हक्क आम्ही बजावत आहोत. त्याचे उत्तर आले की गाडी मित्राची होती, हा खासगी व्यवहार आहे, शिवाय पावतीवर ‘आहे तशी विकली’ असे लिहिले आहे. व्यापाऱ्याने असे लिहिल्याने ग्राहकाचा हक्क बुडत नाही. तो व्यापारी होता याचा पुरावा त्यानेच दिला होता, कारण टोकनाचे २०० पौंड त्याने कार्ड मशीनवर घेतले होते आणि स्टेटमेंटवर त्याच्या व्यवसायाचे नाव छापून आले होते.

हे टोकन क्रेडिट कार्डाने दिले होते, यानेच आमची सुटका केली. १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तूचा काही भाग जरी क्रेडिट कार्डाने दिला असेल, तरी पूर्ण किमतीसाठी कार्ड देणारी बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार धरली जाते. डेबिट कार्डाला किंवा खात्यातून केलेल्या ट्रान्सफरला हे संरक्षण नाही, म्हणून विक्रेता कितीही आग्रह करो, निदान टोकन तरी क्रेडिट कार्डानेच द्यावे आणि त्याची पावती जपावी. मेकॅनिकचा लेखी अहवाल, रॅम्पवरची छायाचित्रे आणि त्या बनावट बिलांच्या प्रती बँकेला दिल्यावर बऱ्याच पत्रव्यवहारानंतर साडेपाच हजार पौंड परत आले. गाडी टो करण्याचे, अहवालाचे आणि विम्याचे पैसे मात्र गेले.

बँकेकडे दावा चालू असतानाच आम्ही गाडीची रीतसर नवी एमओटी करून घेतली होती. ब्रेक पाइप आणि टायर ‘धोकादायक’ या वर्गात गेले, फिल्टर व स्ट्रट ‘गंभीर’ या वर्गात. ही नोंद आता त्या गाडीच्या क्रमांकाखाली कायमची आहे, आणि गाडी पुन्हा विकायला आली तर क्रमांक टाकणाऱ्या कोणालाही त्या स्वच्छ दाखल्याच्या लगेच वर ती वाचता येईल.