रामगढ आणि लाहोर : ‘मुसलमान’ या शब्दाची दोन वळणे

मार्च 1940 मध्ये, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद रामगढच्या काँग्रेस अधिवेशनात आणि मुस्लिम लीगचे नेते जिना लाहोरच्या लीग अधिवेशनात बोलले. गंमत अशी, की मुसलमानांना ‘अल्पसंख्य’ म्हणणे दोघांनीही नाकारले. जिनांनी त्या जागी ‘राष्ट्र’ हा शब्द बसवला. इंग्रजीतून, वकिली थाटात, कोणत्याही व्याख्येनुसार मुसलमान राष्ट्रच ठरतात असे त्यांनी मांडले. आझादांचे भाषण उर्दूत होते. इस्लामच्या तेराशे वर्षांच्या वारशाचा अभिमान ‘मी’ म्हणून सांगितल्यावर, त्याच ‘मी’ने ते स्वतःला अविभाज्य भारतीय राष्ट्रीयत्वाचा घटक म्हणवतात आणि हिंदू-मुसलमानांच्या अकराशे वर्षांच्या सामायिक इतिहासाची आठवण देतात. जिनांच्या व्याख्येत समूह नेमका आखला जातो, पण आझादांच्या प्रथमपुरुषी वाक्यात दोन ओळखी एकत्र नांदतात, आणि मला तीच रचना अधिक अवघड वाटते.