जुन्या कॉन्टेसाचा एसी आर-१३४ए गॅसवर आणल्यानंतर: सांगलीतील काही महिन्यांचा अनुभव

एप्रिल-मे महिन्यांत जिथे पारा चाळिशीच्या आसपास रेंगाळतो अशा सांगलीत, तीस वर्षांहून जुन्या कॉन्टेसाच्या एसीवर पैसे खर्च करावेत की नाही, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. एसी जुन्या आर-१२ ऐवजी आजच्या आर-१३४ए गॅसवर आणण्याचे काम फेब्रुवारीच्या अखेरीस पूर्ण झाले आणि त्यानंतर सगळा उन्हाळा, पावसाळा व आता सुरू असलेला उसाचा गळीत हंगाम, अशा तिन्ही काळांत गाडी नियमित वापरात आहे. धावत्या गाडीत एसी उत्तम चालतो, उभ्या गाडीत कामापुरता चालतो, आणि या दोन्हींमधला फरक गॅसपेक्षा कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारा, रेडिएटरपुढचा भाग) व पंखा यांच्यावर अवलंबून असतो, असे माझे मत झाले आहे.

हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा १९८४ मध्ये आली ती अँबॅसडरचेच जुने इंजिन घेऊन. पुढे इसुझूचे १.८ लिटर पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स मिळालेली ‘क्लासिक’ आली. आमची गाडी त्यांपैकी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची आहे. त्या काळच्या एसीत आर-१२ हा गॅस असे. ओझोनच्या थराला घातक ठरल्यामुळे १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद झाला आणि विकसनशील देशांसाठी त्याची अंतिम मुदत १ जानेवारी २०१० ही होती. त्यामुळे आज कोणी खात्रीचा आर-१२ देतो म्हणाला, तर त्याच्या डब्यात नेमके काय आहे याची शंका घेणेच शहाणपणाचे आहे. काही ठिकाणी ‘आर-१२ चा स्वस्त पर्याय’ म्हणून प्रोपेन-ब्युटेनसारखे ज्वलनशील वायू भरून देतात. थंडावा चांगला मिळतो हे खरे असले, तरी कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत, म्हणजे बसणाऱ्यांच्या पुढ्यात असते आणि तिथे गळती झाली तर तो वायू थेट गाडीत जमतो. असा गॅस मला नको होता.

सांगलीत शंभर फुटी रस्त्याच्या परिसरात आणि मिरजेकडे जाताना एसीची कामे करणारे अनेक जण भेटतात. पहिल्या चौकशीत बहुतेकांकडून जे ऐकायला मिळाले ते एकाच वाक्यात सांगता येते: “साहेब, गॅस भरून देतो, हा उन्हाळा निघून जाईल.” आधीच्या मालकाने नेमके हेच वर्षानुवर्षे केले असावे, कारण बॉनेटच्या आतल्या बाजूला, कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) क्लचच्या बरोबर समोर, तेलाच्या बारीक शिंतोड्यांची एक रेघ उमटलेली होती. ही खूण ज्यांची गाडी जुनी आहे त्यांनी आवर्जून पाहावी. कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील झिजले की गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर येते आणि फिरणारा क्लच ते वर्तुळाकार उडवतो. अशा गाडीत कितीही गॅस भरला तरी तो निघून जाणारच, आणि तेल कमी होत जाऊन शेवटी कॉम्प्रेसरच जाम होतो.

ज्या मिस्त्रींकडे काम दिले त्यांनी गॅसचे नाव काढण्याआधी सर्व पाइपांत साधारण १५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाने नायट्रोजन भरून जोडांवर साबणाचे पाणी फिरवले, आणि माझा निर्णय तिथेच झाला. गळती सीलखेरीज आणखी दोन ओ-रिंगांतून (जोडांतल्या रबरी कड्यांतून) आणि कंडेन्सरच्या खालच्या वाकणात निघाली.

आर-१२ वरून आर-१३४ए वर जाणे म्हणजे केवळ गॅस बदलणे नव्हे, आणि येथे काटकसर केली तर पुढे दुप्पट खर्च होतो, म्हणून हा भाग जरा विस्ताराने सांगतो. जुन्या कॉम्प्रेसरमध्ये मिनरल ऑइल असते आणि ते आर-१३४ए मध्ये विरघळत नाही; परिणामी तेल गॅसबरोबर फिरून परत येण्याऐवजी कंडेन्सर व कॉइलच्या तळाशी साचते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून कॉम्प्रेसर उतरवून तेल पूर्ण काढले, त्यात धातूचा कीस नाही हे पाहिले, दांड्याचे सील बदलले आणि एस्टर प्रकारचे तेल भरले. नव्या गाड्यांत वापरले जाणारे पीएजी तेलही चालले असते, परंतु ते हवेतील ओलावा फार लवकर शोषते आणि पाइपांत उरलेल्या मिनरल ऑइलशी त्याचे नीट जमत नाही. एस्टर तेल या बाबतीत अधिक सहनशील असते. ड्रायर बदलणे अपरिहार्य होते, कारण त्यातील ओलावा शोषणारे जुने दाणे नव्या गॅस-तेलात टिकत नाहीत. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारी झडप) आर-१३४ए चा घेतला. रबरी पाइपांबाबत मतभेद आहेत. जुन्या पाइपांत आतून तेल मुरलेले असते आणि तेच गॅस अडवते असे काही जण म्हणतात. पण आमचे पाइप तडकलेलेच होते, तेव्हा आतून नायलॉनचा थर असलेले नवे पाइप जुनी टोके कापून, त्यांवर प्रेस करून घेतले.

सर्वांत महत्त्वाचा बदल कंडेन्सरचा. ६० अंश तापमानाला आर-१२ चा दाब साधारण २०५ पीएसआय असतो, तर आर-१३४ए चा सुमारे २३०. याचा अर्थ असा की भर उन्हाळ्यात तोच कंडेन्सर, तोच पंखा ठेवून नुसता गॅस बदलला तर दाब चढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि थंडावा मात्र घटतो. ‘आर-१३४ए ला जुन्या गाडीत कूलिंग येत नाही’ ही जी सर्वत्र ऐकू येणारी तक्रार आहे, तिचे मूळ बहुतेक वेळा येथे असते. आमच्या मिस्त्रींनी रेडिएटरपुढच्या जागेचे माप घेऊन त्यात मावणारा, चपट्या समांतर नळ्यांचा आधुनिक पद्धतीचा कंडेन्सर बसवला आणि त्याच्यापुढे वेगळ्या रिलेवर चालणारा इलेक्ट्रिक पंखा लावला. त्यासाठी पट्ट्या वेल्ड कराव्या लागल्या. गाडी अगदी मूळ रूपात राखू पाहणाऱ्यांना ते रुचणार नाही, पण बाहेरून ग्रिलमागे काही दिसत नाही.

गॅस भरण्याआधी पाइपांतली हवा व ओलावा काढण्यासाठी व्हॅक्यूम पंप लावल्यावर गेजचा काटा २८ इंच (पारा) च्या आसपास थांबला तेव्हा, पुस्तकात तर २९.९ लिहिलेले असते, असे मी म्हणालो. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर, म्हणजे अठराशे फूट, उंचीवर आहे, आणि हजार फुटांमागे साधारण एक इंच कमी, या हिशेबाने २८ हाच येथला पूर्ण व्हॅक्यूम ठरतो, हे त्यांनी सहज सांगितले. साताऱ्यात, जवळपास साडेसातशे मीटर उंचीवर, काटा आणखी थोडा अलीकडेच थांबेल. गॅस वजनकाट्यावर तोलून, जुन्या प्रमाणाच्या ८० टक्क्यांपासून सुरुवात करून, दोन्ही गेज पाहत थोडा थोडा वाढवला. ड्रायरवरच्या काचेतले बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहण्याची आर-१२ ची पद्धत येथे लागू पडत नाही, कारण आर-१३४ए मध्ये गॅस पुरेसा असूनही बुडबुडे दिसू शकतात आणि त्यामागे लागले की तो हमखास जास्त भरला जातो.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. आष्ट्यावरून पेठ नाका आणि तिथून कराड-सातारा या मार्गावर, मे महिन्याच्या दुपारी, डॅशबोर्डवरच्या गार हवेच्या जाळीत खोचलेला थर्मामीटर ९ ते १० अंश दाखवत राहिला आणि मागच्या सीटवरच्यांनीच ब्लोअर कमी करायला सांगितले. कॉन्टेसाची केबिन मोठी, काचा साध्या आणि छत तापणारे. काळ्या फिल्मला तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निर्णयापासून मनाईच आहे. त्यामुळे उन्हात उभी असलेली गाडी गार व्हायला पहिली पंधरा-वीस मिनिटे लागतात. सुरुवातीला काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ दिली तर हा वेळ बराच कमी होतो. पुण्याहून परतताना खंबाटकी घाट चढताना मी एसी बंद करतो. आजच्या गाड्यांत इंजिनाला जोर लागताच कॉम्प्रेसरचा क्लच आपोआप सुटतो, तशी सोय कॉन्टेसात नाही, आणि तापमानाचा काटा वर सरकताना पाहत बसण्यापेक्षा तेवढा वेळ खिडकी उघडणे बरे.

गावातला अनुभव इतका चांगला नाही. कॉलेज कॉर्नर ते बसस्थानक या पट्ट्यात गाडी थांबत थांबत चालते तेव्हा जाळीतले तापमान १६-१७ अंशांपर्यंत चढते. गारवा जाणवतो, पण हायवेवरची मजा नाही. इंजिन आयडलिंगला असताना कॉम्प्रेसर हळू फिरतो, हे कारण कोणत्याही दुरुस्तीने जात नाही. कार्ब्युरेटरला एसी सुरू होताच आयडलिंग किंचित वाढवणारा डायफ्रॅम बसवल्यापासून सिग्नलला गाडी थरथरणे थांबले आहे. रात्री हेडलाइट, ब्लोअर व कंडेन्सरचा पंखा एकदम चालू असले की मात्र जुना अल्टरनेटर पुरा पडत नाही, दिवे मंद होतात. अधिक क्षमतेचा अल्टरनेटर हे पुढचे काम आहे.

पावसाळ्यात या खर्चाचे खरे मोल कळले, असे मला वाटते. कॉन्टेसाची पुढची काच पावसात आतून धुरकट होते ही जुनी डोकेदुखी. एसी सुरू करताच कॉइलवर ओलावा पाणी होऊन निथळतो आणि काच मिनिटभरात स्वच्छ होते. मात्र ते पाणी बाहेर नेणारी नळी जुलैत चिखलाने तुंबली आणि डावीकडचे कार्पेट भिजले. तारेने नळी मोकळी केल्यावर प्रश्न मिटला, पण पायाखाली ओल लागली की आधी ही नळी पाहावी. विनाकारण हीटरची कॉइल फुटल्याचे निदान करून डॅशबोर्ड उघडणारे लोक असतात.

गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून जाताना पाचटाचे बारीक तुकडे कंडेन्सरच्या पत्र्यांत अडकतात आणि दाब वाढू लागतो. समोरून जोराच्या पाण्याने मारा केल्यास पत्रे वाकतात, म्हणून मागून पुढे, मंद धारेने धुवावे. हे मी दर पंधरवड्याला करतो. थंडीत गरज नसली तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे दांड्याच्या सीलला तेल मिळत राहते.

दिवाळीनंतर गेज लावून पाहिले तेव्हा बंद अवस्थेतला दाब त्या दिवशीच्या तापमानाला असायला हवा तेवढा होता, म्हणजे गॅस संपलेला नाही; तो नेमका किती उरला आहे हे मात्र या दाबावरून कळत नाही. एकूण खर्चात गॅसचा वाटा अगदी किरकोळ. कंडेन्सर, पाइप आणि मजुरी यांतच बहुतांश रक्कम गेली. ज्यांची प्रीमियर ११८एनई किंवा पद्मिनी आहे आणि त्यात नंतर बसवलेले डॅशखालचे एसी आहे, त्यांनाही हाच क्रम चालेल. इंजिन लहान असल्याने कॉम्प्रेसरही लहान निवडावा, एवढाच फरक.