पॉवर प्रोफायलर किट २ : मोडेम खरंच झोपलाय की नुसता डोळे मिटून पडलाय?

बॅटरीवर चालणारं सेल्युलर डिव्हाइस बनवत असाल, ट्रॅकर म्हणा मीटर म्हणा कुलूप म्हणा, तर नॉर्डिक सेमीकंडक्टरचं पॉवर प्रोफायलर किट २ घ्याच, पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे सांगते.

आधी हे काय आहे ते. छोटासा बोर्ड, यूएसबीने लॅपटॉपला लावायचा, फुकटचं डेस्कटॉप अ‍ॅप टाकायचं (विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं) आणि तुमच्या डिव्हाइसला किती करंट जातोय त्याचा लाइव्ह ग्राफ बघायचा. २०० नॅनोअँपिअरपासून १ अँपिअरपर्यंत मोजतं, सेकंदाला १ लाख सॅम्पल. दोन मोड आहेत, एकात हेच ०.८ ते ५ व्होल्ट सप्लाय देतं, दुसऱ्यात तुमचा सप्लाय बाहेरून घेऊन मधे बसून नुसतं मोजतं. नॉर्डिकचीच चिप हवी असं काही नाही, कुठलाही मोडेम (डिव्हाइसमधला मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग) चालतो. साध्या मल्टिमीटरने हे काम होतच नाही कारण मोडेम झोपेत काही मायक्रोअँपिअर घेतो आणि डेटा पाठवताना काहीशे मिलिअँपिअर, आणि ही उडी इतकी पटकन होते की मीटरवर आकडा नुसता नाचत राहतो.

आता मला हे एवढं का आवडलं. सगळ्यांना वाटतं बॅटरी डेटा पाठवण्यात जाते. दिवसातून दोनदा चार बाइट पाठवणाऱ्या डिव्हाइसचा ग्राफ काढून बघा, पाठवतानाचे डोंगर मोजके असतात, खरा खर्च त्या बारीक बारीक टोकांत असतो जी दर थोड्या वेळाने येतच राहतात. ते पेजिंग. म्हणजे मोडेम उठतो, टॉवरशी वेळ जुळवतो, कंट्रोल चॅनल वाचतो, आपल्याला कोणी हाक मारली का बघतो, नाही म्हटल्यावर परत झोपतो. साध्या डीआरएक्समध्ये (ठरावीक वेळाने उठून ऐकायची नेहमीची पद्धत) हे १.२८ किंवा २.५६ सेकंदांनी चालू असतं, दिवसरात्र, आणि जवळजवळ दरवेळी उत्तर एकच की कोणी बोलावलेलं नाही!! अ‍ॅपमध्ये एक टोक माउसने सिलेक्ट केलं की त्याची सरासरी, कमाल, वेळ आणि एकूण चार्ज लगेच दिसतो, मग दिवसाचा हिशेब करायला फक्त गुणाकार लागतो.

यावर जुने उपाय दोन आणि दोन्ही या ग्राफवर फार सुंदर दिसतात. पहिला पीएसएम म्हणजे पॉवर सेव्हिंग मोड, रिलीज १२ मधला (रिलीज म्हणजे मोबाइल नेटवर्कच्या ३जीपीपी स्टँडर्डची आवृत्ती), डेटा पाठवून थोडा वेळ वाट बघायची आणि मग गाढ झोप, रेषा अगदी तळाला जाते. पण तेवढा वेळ डिव्हाइसला बाहेरून उठवता येत नाही, ते स्वतः उठेल तेव्हाच भेट. मीटरला हे चालतं, दूरून उघडायच्या कुलपाला अजिबात नाही. दुसरा ईडीआरएक्स म्हणजे लांबवलेला डीआरएक्स, रिलीज १३ चा, यात दोन उठण्यांमधलं अंतर ताणायचं, एलटीई-एमवर साधारण ४४ मिनिटांपर्यंत आणि एनबी-आयओटीवर पावणेतीन तासांच्या वरपर्यंत (दोन्ही थोडा डेटा पाठवणाऱ्या छोट्या डिव्हाइससाठीची मोबाइल तंत्रं). बॅटरी वाचते पण हाक पोचायलाही तितकाच उशीर होऊ शकतो. आणि तुम्ही मागितलेली व्हॅल्यू नेटवर्क देईलच असं नाही, एटी कमांडने (मोडेमला द्यायची लेखी आज्ञा) मिळालेली व्हॅल्यू वाचा आणि ग्राफवरच्या टोकांमधलं अंतर तिच्याशी ताडून बघा, हे न करता डेटाशीटवरून बॅटरीची वर्षं छापू नका, मनापासून सांगते.

मला ज्यासाठी हे किट सगळ्यात जास्त लागतं ते म्हणजे वेक-अप सिग्नल. २०१८ च्या रिलीज १५ मध्ये एनबी-आयओटी आणि एलटीई-एमला हा मिळाला. कल्पना साधी पण भारी आहे, पेजिंगच्या थोडं आधी टॉवर एक ठरलेला छोटा सिग्नल पाठवतो, तोही खरंच कोणाला बोलवायचं असेल तरच. मोडेमने फक्त तो आहे की नाही एवढं ओळखायचं, नसेल तर पूर्ण चॅनल डीकोड करायची भानगडच नाही, सरळ झोप. तळघरात, जाड भिंतीआड याचा फायदा जास्त, कारण कमजोर सिग्नलमध्ये एनबी-आयओटीचा कंट्रोल चॅनल तोच मेसेज कमाल २०४८ वेळा रिपीट करू शकतो आणि "कोणी नाही" एवढं कळायला मोडेमला ते सगळं ऐकत बसावं लागतं. ग्राफवर त्याचं टोक रुंद होऊन पठार होतं, ते पठार बघितलं ना की वेक-अप सिग्नल कशासाठी आणला हे समजावून सांगायची गरजच पडत नाही.

फक्त यासाठी मोडेम आणि नेटवर्क दोघांचाही सपोर्ट हवा आणि नेटवर्कने ते चालू ठेवलेलं हवं. एका मॉड्यूलच्या डेटाशीटमध्ये (नाव नको) रिलीज १५ असं ठळक लिहिलंय आणि वेक-अप सिग्नलबद्दल एक ओळ नाही, हे मला पटत नाही, ग्राहकाने काय समजायचं? अजून एक गोष्ट, एकाच पेजिंगच्या वेळेवर बरीच डिव्हाइस असतात, त्यामुळे शेजारच्याला हाक मारली तरी तुमचंही उठतं. म्हणून रिलीज १६ मध्ये गट पाडले. ५जी फोनसाठीही रिलीज १७ मध्ये पेजिंगच्या आधीची सूचना आली, त्यात ८ पर्यंत उपगट करता येतात.

आता कापलेला अर्धा स्टार. किट करंट दाखवतं, कारण दाखवत नाही. ते छोटं टोक वेक-अप सिग्नल ओळखण्याचं होतं की पूर्ण पेजिंग वाचण्याचं, हे मोडेमच्या लॉगशी जुळवूनच कळतं. त्यासाठी ८ डिजिटल इनपुट दिलेत, फर्मवेअरमधून पिन वरखाली करून ग्राफच्या खालीच खुणा मिळतात, पण मोडेमच्या आतलं काही त्यात येत नाही. १ अँपिअरची मर्यादाही लक्षात ठेवा, २जी मॉड्यूल पाठवताना २ अँपिअरपर्यंत उडी मारतात, तिथे हे पुरत नाही, आणि अख्खा स्मार्टफोन मोजायलाही घेऊ नका. जास्त करंट लागणार असेल तर पॉवरची दुसरी यूएसबीपण लावा.

पुढे काय म्हणाल तर रिलीज १९ मध्ये लो-पॉवर वेक-अप घेतलंय, मुख्य रेडिओ झोपवून ठेवायचा आणि एक वेगळा अगदी कमी पॉवरचा रिसीव्हर ऐकत बसणार. वायफायमध्ये हाच विचार ८०२.११बीए या स्टँडर्डमध्ये २०२१ ला आला, तिथे त्या रिसीव्हरला १ मिलिवॉटपेक्षा कमी पॉवर लागावी असं टार्गेट होतं. तसा रिसीव्हर सतत ऐकत असेल तर पेजिंगच्या टोकांच्या जागी बारीकशी सपाट रेषा दिसायला हवी, आणि मोजायची रेंज बघता तीही या किटमध्ये आरामात बसेल.