कोल्हापुरातील भरतीपूर्व रायफल वर्ग : शुल्क भरण्याआधी वाचावे असे परीक्षण

कोल्हापूर जिल्ह्यात सैन्यभरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या आता तालुक्याच्या गावापुरत्या राहिलेल्या नाहीत. घरोघरी सैनिक असलेले सैनिक टाकळीसारखे गाव ज्या जिल्ह्यात आहे आणि गडहिंग्लज, चंदगड या बाजूच्या अनेक घरांतून मुलगे पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत गेले आहेत, तेथे ते स्वाभाविकही आहे. यांतील बहुतेक ठिकाणी पहाटेची धाव, बीमवरचे पुल-अप आणि लेखी परीक्षेचा सराव एवढाच अभ्यासक्रम असतो. शहराबाहेर राधानगरी रस्त्याच्या बाजूला असलेली एक अकादमी मात्र त्याच्या जोडीला रायफल नेमबाजीचा स्वतंत्र वर्ग चालवते. माझ्या भाच्याने तो नुकताच पूर्ण केला. महाविद्यालयात एनसीसीचे काम मी अनेक वर्षे केलेले असल्यामुळे संचालकांच्या परवानगीने त्याच्या बहुतेक तासांना मागे बसून सारे पाहता आले. अकादमीचे नाव मी येथे देत नाही, कारण तिच्या जाहिरातीबद्दलचा माझा आक्षेप अशा इतर वर्गांनाही लागू पडतो, आणि शिकवण्याबद्दल जे लिहिणार आहे ते कोणत्याही रायफल वर्गाची पारख करताना पालकांच्या उपयोगी पडावे अशी माझी इच्छा आहे.

वर्गाची मांडणी साधी आहे. पत्र्याच्या छपराखाली दहा मीटरची बंदिस्त रेंज, मोजक्या लेन, ४.५ मिलिमीटर छऱ्याच्या एअर रायफली आणि शिकवायला मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले दोन हवालदार. त्यांतील ज्येष्ठांनी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये रंगरुटांना शस्त्रप्रशिक्षण दिलेले आहे. गावात त्यांना सारे ‘मेजर’ म्हणतात. रेंजवर मात्र ‘उस्ताद’ हीच हाक चालते, कारण निवड झालेल्या मुलांना पुढे सेंटरमध्ये तीच मारायची असते. या वर्गाचे जे काही मोल आहे, ते या दोघांच्या शिकवण्यात आहे.

पहिल्या टप्प्यात मुलांच्या हाती छर्रा येतच नाही. पालकांची पहिली तक्रार याचीच असते आणि माझ्या मते वर्गाचा सर्वांत मोठा गुणही हाच आहे. सुरुवात होते ती त्रिकोणाच्या अभ्यासाने. रायफल लाकडी चौकटीत घट्ट बसवलेली असते. समोर भिंतीवर कोरा कागद लावलेला असतो आणि एक सहकारी त्यावर मधोमध बारीक भोक असलेली काळी चकती सरकवत असतो. शिकणारा रायफलीला गालाचाही धक्का न लावता डोळ्याजवळच्या बॅकसाइटच्या खाचेतून नळीच्या टोकावरच्या फोरसाइटची माशी (उभा दांडा) पाहतो आणि चकती वर, खाली, डावीकडे हलवायला सांगतो. नेम जुळला असे वाटले की थांबवतो, आणि सहकारी भोकातून पेन्सिलीने ठिपका देतो. असे तीन वेळा झाले की ठिपके जोडून त्रिकोण काढतात. रायफल जागची हललेलीच नसल्यामुळे त्रिकोण जेवढा मोठा, तेवढी चूक पाहणाऱ्याच्या डोळ्याची, आणि ती नाकारायला जागा उरत नाही. भाच्याचा पहिला त्रिकोण चांगलाच पसरट आला. उस्तादांनी त्यावर तारीख घालून तो वहीत लावून ठेवला आणि पुढचे त्रिकोण त्याच्याच शेजारी लावत गेले.

या अभ्यासातून जे कळते ते तोंडी सांगून कळत नाही. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. बॅकसाइट, माशी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी एकदम स्वच्छ दिसणे शक्य नसते. तेव्हा माशी स्वच्छ पाहायची आणि लक्ष्य पुसट राहू द्यायचे. नव्या मुलाची ओढ नेमकी उलटी असते. त्याला लक्ष्य पाहायचे असते, आणि तो ते पाहू लागला की माशी खाचेत कोठे सरकली हे त्याच्या ध्यानात येत नाही. दुपारच्या उन्हात एका बाजूने प्रकाश आला की माशीची उजळ कड मोठी भासते आणि नेम सरकतो, हेही उस्तादांनी खिडकी उघडून आणि मग बंद करून प्रत्यक्ष दाखवले. एनसीसीच्या फायरिंगला पंचवीस मीटरवर पॉइंट टू-टू रायफल घेऊन आडवे झालेले कितीतरी कॅडेट मी पाहिले आहेत. तेथे प्रत्येकाच्या वाट्याला मोजक्या गोळ्या येतात आणि पुढची तुकडी उभीच असते, त्यामुळे डोळ्याची एवढी घडण करायला वेळ मिळत नाही. तो वेळ येथे दिला जातो.

त्यानंतर पालथे पडून घ्यायची पोझिशन शिकवतात आणि तिच्यावरही असाच निवांत वेळ खर्च होतो. रायफलीचा भार स्नायूंवर न घेता हाडांवर घ्यायचा, त्यासाठी डावे कोपर शक्य तेवढे रायफलीच्या खाली आणायचे, आणि दस्ता (रायफलीचा मागचा भाग) दर वेळी खांद्याच्या त्याच खळग्यात बसवायचा. खरी परीक्षा पुढे असते. नेम धरायचा, डोळे मिटायचे, एक-दोन श्वास सोडायचे आणि डोळे उघडायचे. रायफल लक्ष्यावरून सरकलेली दिसली तर शरीराचा नैसर्गिक रोख चुकला असे समजायचे. येथे प्रत्येक मुलगा हाताने रायफल ओढून नेम पुन्हा जुळवू पाहतो आणि प्रत्येक वेळी उस्ताद तेच सांगतात, “हात वढू नगंस. सरकायचं असंल तर पोटासकट सगळं अंग सरकव.” ओढून धरलेला हात चाप दाबण्याच्या क्षणी सैल पडतो आणि नळी मूळ रोखाकडे परत जाते, ही त्यामागची कारणमीमांसा धाकट्या उस्तादांनी नंतर फळ्यावर आकृती काढून समजावली. एकाने चूक पकडायची आणि दुसऱ्याने कारण सांगायचे, अशी या दोघांची वाटणी मला फार आवडली.

चाप दाबण्याचा सरावही छऱ्याशिवायच होतो. त्यासाठी सुक्या सरावाची सोय असलेली हवेच्या टाकीची रायफल वापरतात. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा न घालता चाप दाबला तर आतला दट्ट्या हवेच्या उशीशिवाय आपटतो आणि रायफल खराब होते, ही काळजी येथे घेतली जाते. नळीच्या टोकाशी एक रुपयाचे नाणे ठेवतात आणि ते न पडता चाप सुटला पाहिजे असा दंडक आहे. श्वास अर्धा सोडून थांबवायचा आणि सात-आठ सेकंदांत चाप सुटला नाही तर नेम मोडून पुन्हा श्वास घ्यायचा, कारण त्यापुढे डोळा थकतो आणि हात थरथरू लागतो. नेम मोडण्याचे धैर्य मुलांना सर्वांत उशिरा येते. ज्या दिवशी भाच्याने कोणी न सांगता रायफल खाली घेतली, त्या दिवशी थोरल्या उस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तोवर एकाही चांगल्या फायरसाठी त्यांनी तसे केलेले नव्हते.

छर्रे मिळू लागल्यावरही प्रथम लक्ष्याचे कार्ड उलटे लावतात. कोऱ्या पाठीवर पाच छर्रे मारायचे. ते कोठे लागले हे न पाहता एकमेकांपासून किती जवळ लागले एवढेच पाहायचे. छर्रे उभ्या रेषेत पसरले तर श्वासाचा ताळ चुकला असावा, चार जवळ आणि एकच दूर असेल तर त्या वेळी चाप झटक्याने दाबला असावा, असा अंदाज बांधून मग तो मुलाकडे पाहून पडताळतात. समूह, म्हणजे छऱ्यांचा झुबका, आवळत आला की मगच साइट हलवायची. एअर रायफलीवर बॅकसाइट ज्या दिशेला मार न्यायचा त्याच दिशेला सरकवतात, तर फोरसाइट हलवायची असेल तेव्हा ती मार ज्या बाजूला चुकतो त्याच बाजूला न्यावी लागते. मार वर लागत असेल तर माशी उंच करायची, हे मुलांना पटायला वेळ लागतो, पण पुढे सेंटरमध्ये रायफल झिरो करताना, म्हणजे नेम आणि मार जुळवताना, ते उपयोगी पडते.

शेवटच्या टप्प्यात मैदानाला फेरी मारून आल्यावर, धाप लागलेली असतानाच फायर करायला लावतात. अर्थात रायफल रेंजवरच राहते. ती घेऊन कोणी धावत नाही. रेंजच्या भिंतीवर २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये (पालथे पडून) सुवर्णपदक मिळवणाऱ्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे) कांस्यपदक जिंकणारे राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे यांची छायाचित्रे आहेत आणि मुलांना त्यांचा योग्य तो अभिमान आहे. पण खेळाडूची कसोटी आणि सैनिकाची कसोटी वेगळी असते. खेळाडू आपला श्वास स्थिरावण्याची वाट पाहू शकतो. सैनिकाला ती सवड मिळेलच असे नाही. धापेच्या या सरावात सगळ्यांचे समूह विस्कटले आणि कोणाच्याही चेहऱ्यावर हसू उरले नाही. वर्गातील सर्वांत खरा तास मला तोच वाटला.

एअर रायफलीवर शिकलेले सैन्याच्या रायफलीवर कितपत टिकते, हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. सैन्यातील इन्सास रायफल ५.५६ मिलिमीटरची, रिकामीच चार किलोंहून जड आणि तिची गोळी सेकंदाला सुमारे नऊशे मीटर वेगाने सुटणारी. तिचा आवाज आणि खांद्याला बसणारा धक्का येथे अनुभवायला मिळत नाही, आणि नवा रंगरूट बिचकतो तो त्यालाच. वारा, अंतरानुसार साइटची रेंज बदलणे, बटावरची (लक्ष्यामागच्या मातीच्या बांधावरची) कामे हेही दहा मीटरच्या खोलीत शिकवता येत नाही. एका बाबतीत मात्र एअर रायफल अधिक कडक गुरू ठरते. तिचा छर्रा गोळीच्या वेगाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाने जातो, त्यामुळे चाप सुटल्यावर तो नळीत अधिक काळ राहतो आणि तेवढ्यात हललेला हात कार्डावर लगेच उमटतो. चाप सुटल्यानंतरही क्षणभर नेम धरून राहण्याची सवय त्यामुळे पक्की होते. पोझिशन, डोळा, श्वास आणि चाप या गोष्टी सोबत जातात; बाकीचे सेंटरच शिकवील. हे अकादमीने प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगायला हवे होते.

आता जाहिरातीबद्दल. ‘फायरिंग शिका, भरतीत पुढे राहा’ अशा आशयाचा फलक रस्त्यालगत लावलेला आहे आणि तो दिशाभूल करणारा आहे. अग्निवीर भरतीत ऑनलाइन सामायिक प्रवेश परीक्षा, १.६ किलोमीटर धाव, बीमवरील पुल-अप, नऊ फुटी खंदक, नागमोडी पट्टीवरचा तोल, मोजमापे आणि वैद्यकीय तपासणी असते. नेमबाजीचा एकही गुण त्यात नाही. एनसीसीच्या प्रमाणपत्राला अधिक गुण मिळतात, पण ते प्रमाणपत्र एनसीसीचेच लागते. अकादमीने दिलेला कागद तेथे चालत नाही. खेळाडू म्हणून सैन्यात जाण्याची वाट निराळी आहे आणि तिला मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरी लागते. वर्गाचे शुल्क अकादमीच्या महिन्याच्या शुल्काच्या जवळपास निम्मे आहे. ज्या घरात ही रक्कम धाव किंवा लेखी परीक्षेच्या तयारीतून काढावी लागणार असेल, त्यांनी ती काढू नये. मुलाची धाव साडेपाच मिनिटांच्या आत येत नसेल तर त्याने आधी पहाटेचे मैदान सांभाळावे, असे मी संचालकांसमोरही सांगितले आणि थोरल्या उस्तादांनी मान डोलावली.

साधनांची स्थिती शिकवण्याच्या तोडीची नाही. हवेच्या टाकीची रायफल एकच असल्यामुळे सुक्या सरावासाठी मुले खोळंबून राहतात. स्प्रिंगच्या रायफलींपैकी एकीची बॅकसाइट सैल आहे. समूह आवळण्याचा एवढा आग्रह धरायचा आणि हाती अशी रायफल द्यायची, हे मुलांवर अन्याय करणारे आहे. छर्रे अकादमीतूनच घ्यावे लागतात आणि ते बाजारभावापेक्षा महाग पडतात. छर्रे शिशाचे असतात, म्हणून रेंजवरून निघताना हात साबणाने धुणे आवश्यक आहे, पण नळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि मुले तशाच हातांनी डबे उघडताना मी पाहिली. ही गोष्ट संचालकांनी तातडीने सुधारावी. शस्त्राच्या सुरक्षिततेत मात्र बोट ठेवायला जागा नाही. फायर थांबला की नळी रिकामी असल्याची खूण म्हणून प्रत्येक नळीतून केशरी दोरी आरपार घातलेली दिसल्याशिवाय कोणालाही रेषेपुढे जाऊ देत नाहीत, आणि रिकामी रायफल गमतीने मित्राकडे वळवणाऱ्या एका मुलाला त्या दिवसापुरते घरी पाठवण्यात आले.

मुलींची संख्या या वर्गात चांगली आहे आणि त्यांना शिकवताना उस्तादांच्या अपेक्षा तसूभरही कमी होत नाहीत. सैन्य पोलीस दलात महिला अग्निवीर घेतल्या जाऊ लागल्यापासून चौकशा वाढल्याचे संचालक सांगतात. प्रत्येकाचा प्रमुख डोळा (नेम धरताना मेंदू ज्याच्यावर विसंबतो तो) कोणता, हे दोन्ही तळहातांच्या मधल्या फटीतून दूरची वस्तू पाहायला लावून पहिल्याच दिवशी तपासतात. उजव्या हाताच्या एका मुलीचा प्रमुख डोळा डावा निघाला. इन्सासची रिकामी काडतुसे उजवीकडे फेकली जातात आणि डाव्या खांद्यावरून ती चालवणे गैरसोयीचे होते, म्हणून तिला उजव्या खांद्यावरच ठेवून डावा डोळा झाकून सराव करायला सांगितले. तिचे समूह शेवटी भाच्यापेक्षा आवळ आले.

प्रवेश घ्यायचाच असेल तर दिवाळीनंतरची तुकडी निवडावी. जून ते सप्टेंबरमध्ये आपल्याकडचा पाऊस पत्र्यावर कोसळू लागला की शेवटच्या लेनपर्यंत उस्तादांचा आवाज पोहोचत नाही. शिट्टीची सोय केलेली आहे, पण शिकाऊ मुलांच्या हातात रायफली असताना आज्ञा शब्दांत ऐकू आलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि छताखाली आवाज दाबणारे आच्छादन बसेपर्यंत पावसाळी तुकडी बंद ठेवावी अशी लेखी सूचना मी अकादमीकडे दिलेली आहे.