धुळ्यात घेतलेली जुनी टर्बो गाडी आणि लपवलेला धूर

धुळ्याच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने मला टर्बो खलास झालेली पेट्रोल गाडी 'एक नंबर कंडिशन' म्हणून विकली. टर्बो गेलाय हे त्याला नक्की माहीत होतं, कारण ते झाकायला त्याने काय काय केलं होतं ते नंतर गॅरेजमध्ये एकेक करून बाहेर आलं. तक्रार चालू आहे, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. पण त्याने वापरलेल्या युक्त्या जळगाव, भुसावळ, नंदुरबार, कुठेही वापरता येतात, आणि आपल्याकडे जुनी गाडी बघायची जी पद्धत आहे तिच्यात त्या सापडत नाहीत.

मी चाळीसगावचा. बहीण संभाजीनगरला, आबांची हृदयाची तपासणीही तिथेच, त्यामुळे कन्नड घाट आमच्या पाचवीला पुजलेला. आधीची गाडी बाराशे सीसीची, साध्या इंजिनाची. पाच माणसं, सामान आणि एसी एवढं घेऊन घाट चढताना तिची दमछाक व्हायची. म्हणून या वेळी टर्बो बघायची असं घरात ठरलं.

दोन्ही इंजिनांत फरक काय, ते आधी सांगतो, कारण फसवणूक त्या फरकातच लपलेली आहे. साध्या इंजिनात, ज्याला कंपन्या नॅचरली ॲस्पिरेटेड म्हणतात, पिस्टन खाली येताना हवा ओढली जाते. बाहेरच्या हवेचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाने ती आत येणार. टर्बोमध्ये इंजिनातून सायलेन्सरकडे निघालेला तापलेला धूर एक पंखा फिरवतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त जाळता येतं. निस्सान मॅग्नाइटमध्ये दोन्ही इंजिनं ९९९ सीसीची, तीन सिलेंडरची. साधं ७२ पीएस ताकद आणि ९६ न्यूटन मीटर ओढ (टॉर्क) देतं, टर्बो १०० पीएस आणि १६० न्यूटन मीटर. आपल्याकडे चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी कमी करात बसते, त्यामुळे इंजिन लहान ठेवून टर्बो लावणं कंपन्यांनाही परवडतं.

आता टर्बोचा तो दांडा. मिनिटाला लाखाच्या वर फेरे, आणि एका बाजूला नऊशे अंशांच्या आसपास तापलेला धूर. दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, तेच तेल त्याला थंडही ठेवतं. तेल वेळेवर बदललं नाही, हलक्या प्रतीचं टाकलं, किंवा हायवेवर ताणून आल्या आल्या गाडी कायम बंद केली, तर तेल तिथे करपतं, बेअरिंग घासतं आणि टर्बो तेल प्यायला लागतो. साधं इंजिन असला हलगर्जीपणा बराच काळ सोसतं. टर्बो सोसत नाही.

आम्ही गाडी बघायला गेलो तेव्हा बॉनेट गरम होतं. विचारलं तर व्यापारी म्हणाला, “आत्तेच फिरवीसन आणी, भाऊ. डोया झाकीसन लई जा.” (आत्ताच फिरवून आणली, डोळे झाकून घेऊन जा.) मीटरवर ४१ हजार किलोमीटर. सिंगल ओनर, आरसी, विमा, पीयूसी सगळं हजर. आमच्यासोबत ओळखीचा मेकॅनिक होता, तीस वर्षं या धंद्यात मुरलेला. त्याने तेलाची पट्टी काढून पाहिली, तेल स्वच्छ. तेलाचं झाकण उघडून धूर येतो का पाहिलं, कूलंट पाहिलं, आवाज ऐकला, एखादी बाजू रंगवली आहे का ते पाहिलं. मुंबई-आग्रा हायवेवर चक्कर मारली. गाडी सुसाट पळाली. साध्या इंजिनाची गाडी असती तर एवढ्या तपासणीत तिचं दुखणं बाहेर पडलं असतं. टर्बोचं दुखणं गरम इंजिनावर आणि सपाट रस्त्यावर दिसत नाही. विकणाऱ्याने म्हणूनच गाडी आधी गरम करून ठेवली होती.

ते दिसलं कन्नड घाटात. मे महिना, एसी चालू, गाडी भरलेली. चढ लागला तशी बॉनेटखालून बारीक शिट्टी सुरू झाली. पुढच्या वळणांवर ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी उचलेना, आरशात निळसर धूर दिसायला लागला आणि इंजिनचा पिवळा दिवा पेटला. मागे आबा बसलेले, पाठीमागे गाड्यांची रांग. जपून कन्नडपर्यंत नेली आणि तिथून टो करून संभाजीनगरला.

तिथल्या गॅरेजवाल्याला टर्बोची चांगली माहिती. त्याने त्या दिवशी हातच लावला नाही. म्हणाला, रात्रभर पूर्ण थंड होऊ दे. सकाळी माझ्यासमोर चालू केली तर सायलेन्सरमधून निळ्या धुराचा लोट निघाला, जळक्या तेलाचा वास सुटला. मग त्याने इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा, खालचा पाइप काढला. त्यात हवा असायला हवी, तेलाचा ओशट हात फार तर. तिथून तेलाची धारच लागली, खाली धरलेला डबा भरत आला. टर्बोच्या तोंडाशी हात घालून त्याने पंख्याचा दांडा बोटाने हलवला, मलाही हलवायला लावला. दांडा बाजूला इतका सरकत होता की पंख्याची पाती आतल्या भिंतीला घासून त्यांच्या कडा चकाकत होत्या.

इंजिनमधलं तेल काढलं तर ते काकवीसारखं पडलं. या गाडीला पातळ सिंथेटिक तेल लागतं, ५ डब्ल्यू ३० असं पुस्तिकेत छापलंय. धूर दाबायला आत जाड तेल आणि वर दाटपणा वाढवणारं औषध ओतलं होतं. जाड तेल झिजलेल्या फटींतून कमी गळतं, म्हणून काही दिवस धूर दिसत नाही. पण तेच तेल टर्बोपर्यंत उशिरा आणि कमी पोचतं. म्हणजे आधीच मरायला टेकलेला टर्बो त्याने विक्रीसाठी आणखी मारला. मला सगळ्यात जास्त संताप याचा आला. ही गाडी घेऊन घाटात कोण जाणार, त्याच्यासोबत म्हातारी माणसं असतील का, याचा एका क्षणाचाही विचार नाही.

गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. बिघाडाचे जुने कोड पुसले, की त्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली ते गाडीचा कॉम्प्युटर नोंदवून ठेवतो. तो आकडा व्यवहाराच्या दिवसापासूनच्या आमच्या रनिंगशी जवळपास जुळला. म्हणजे आम्ही जायच्या तोंडावरच पिवळा दिवा पुसून टाकला होता. आणि मीटर? चॅसी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुनी नोंद निघाली, त्यात गाडी शेवटची आली तेव्हाचं रीडिंग १ लाख ६ हजार. टर्बो असेंब्ली, तेलाचे पाइप, इंटरकूलर धुणं आणि मजुरी मिळून खर्चाचा अंदाज नव्वद हजारांच्या पुढे गेला.

व्यापाऱ्याला फोन केला तर उत्तर आलं, “जुनी गाडी शे भाऊ, गॅरंटी नही ऱ्हास.” दुसऱ्यांदा त्याने फोन उचलला नाही.

जुनी टर्बो घेणार असाल तर सकाळी जा, आणि गाडी रात्रभर बंद ठेवा असं आदल्या दिवशीच सांगा. बॉनेटला हात लावून पाहा. गरम लागलं तर चालू न करता परत फिरा, कारण काहीही सांगितलं तरी तुम्हाला थंड इंजिन दाखवायचं नाही एवढं त्यातून कळतं. सायलेन्सरमागे कुणाला तरी उभं करून मग चावी फिरवा. इंटरकूलरचा पाइप काढून दाखवायला सांगा, बऱ्याच गाड्यांत ते मोठं काम नसतं. स्कॅनर असलेला माणूस सोबत न्या. धुळ्याजवळच्या लालिंग घाटासारख्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि स्कॅनरवर इनटेकमधला, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, दाब बघायचा. साध्या इंजिनात तो १०० किलोपास्कलच्या आसपासच थांबतो, धडधाकट टर्बोत दीडशेच्या वर जायला हवा. याच आकड्यावरून मागच्या दारावर नुसती टर्बोची पट्टी चिकटवलेली साधी गाडीही पकडता येते. मॅग्नाइटसारख्या गाडीत दोन्ही इंजिनं सारख्याच सीसीची, त्यामुळे आरसीवरचं ९९९ सीसी त्या बाबतीत काहीच सांगत नाही. आणि सर्व्हिसची नोंद टोकन देण्याआधी बघा. नोंद नसेल आणि गाडी बरीच चाललेली असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की टर्बोचा नाद सोडा आणि साध्या इंजिनाची गाडी घ्या. चढावर गिअर जास्त बदलावे लागतील, पण ती घरी आणून सोडेल.

कायद्याचं बळ आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. ते आधी मागा. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीसाठी ग्राहक आयोगात जाता येतं, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणूनच व्यापारी धुळ्याचा असूनही माझी तक्रार जळगावच्या जिल्हा आयोगात आहे. मुदत दोन वर्षांची. सुरुवातीला १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद होते. मीटर फिरवून विकणं ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांकडेही जाता येतं.

तक्रारीला मला उपयोगी पडल्या त्या या वस्तू: टोकनची पावती, व्यवहाराच्या दिवशी काढलेला मीटरचा फोटो, गॅरेजवाल्याचा सहीचा अहवाल, पाइपातून तेल गळतानाचा व्हिडिओ, आणि “४१ हजार रनिंग, टर्बो एकदम ओके” असं लिहिलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट. जाहिरातीचा स्क्रीनशॉट गाडी बघायला निघण्याआधीच काढून ठेवा. माझी नोटीस पोचल्यावर त्याने ती जाहिरात लगेच काढून टाकली.