दापोलीतले गॅरेज आणि फ्लोटची जीभ

पावसाळाभर पडवीत झाकून ठेवलेली माझी १९९४ सालची टू-स्ट्रोक मोटारसायकल गणपतीत बाहेर काढली, तेव्हा कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागाच्या) ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल ठिबकत होते. आधीच्या मेकॅनिकने नवा कार्ब्युरेटर घ्या, असे सांगून हात झटकले होते. दापोलीतल्या या छोट्या गॅरेजातील काकांनी मात्र त्याच्या तळाची पेट्रोल साठणारी वाटी, म्हणजे बाऊल, उघडून त्यात साचलेले पाणी व हिरवट गाळ दाखवला, पेट्रोलची वाट बंद करणाऱ्या नीडलच्या टोकावर झिजेने पडलेला गोल चरा मला नखाने चाचपायला लावला आणि नीडल बदलली. मग जोडातले पातळ गॅस्केट काढून त्यांनी कार्ब्युरेटर असा तिरपा धरला की फ्लोटची (पेट्रोलवर तरंगून नीडल ढकलणाऱ्या भागाची) जीभ नीडलची स्प्रिंगवाली पिन न दाबता तिला केवळ टेकेल, आणि व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, फ्लोटची उंची मोजत बारीक पकडीने ती जीभ केसभर वाकवली. शेवटी बाऊलला पारदर्शक नळी जोडून पेट्रोलची पातळीही पाहिली. एवढी खबरदारी मी क्वचितच अनुभवली आहे. काम दोन दिवस चालले, पावती मागूनही मिळाली नाही. तरी केळशीच्या वाटेवरील चढांवर गाडी एकदाही गुदमरली नाही आणि पडवीतली फरशी आता कोरडी असते.