रिलॅप्सनंतर डे ट्रीटमेंट घेतली, सात-आठ महिन्यांनंतर जे वाटतंय ते

मी दारूसाठी ट्रीटमेंट घेतली आणि ही पहिली वेळ नव्हती. आधी एकदा व्यसनमुक्ती केंद्रात ॲडमिट राहून आले होते, त्यानंतर बराच काळ एक थेंब नाही, आणि मग परत सुरू झालं, म्हणजे रिलॅप्स. घरच्यांचं म्हणणं एकच, परत ॲडमिट हो. डॉक्टरांनी मात्र डे प्रोग्राम सुचवला, म्हणजे सकाळी जायचं, दिवसभर तिथे थांबायचं, संध्याकाळी घरी. तेव्हा मी खूप शोधलं, जाहिराती ढिगाने सापडल्या पण आत दिवसभर नक्की काय चालतं हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, कालपर्यंत रोज पीत असाल तर थेट डे प्रोग्रामला जाऊ नका, आधी डिटॉक्स, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीत दारू शरीरातून सुटू देणं. हे मी जोर देऊन सांगतेय कारण आमच्या ग्रुपमध्ये एकजण असाच घरी अचानक बंद करून आला होता आणि त्याला तिथूनच हॉस्पिटलला न्यावं लागलं. शेवटच्या पिण्यानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, धडधड सुरू होते, फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त असतो, आणि भ्रम होणं, माणसं न ओळखणं हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दिसतं आणि ते जीवावर बेतू शकतं. मला आधी काही दिवस वॉर्डमध्ये ठेवलं, गोळ्या हळूहळू कमी केल्या, थायमिन (व्हिटॅमिन बी-१) दिलं, झोप थोडी जागेवर आली आणि मगच प्रोग्राम सुरू झाला. अफू किंवा हेरॉईनसारख्या नशेचं रिलॅप्स असेल तर वेगळाच धोका, मधे बंद राहिल्यामुळे शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि जुनाच डोस घेतला तर ओव्हरडोस होऊ शकतो. अशा लोकांनी तर डॉक्टर गाठायला एक दिवसही घालवू नये.

डे ट्रीटमेंटच्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, त्यामुळे चौकशी करताना आठवड्याला किती तास ते विचारा. अमेरिकन सोसायटी ऑफ ॲडिक्शन मेडिसिनचे जे निकष बऱ्याच ठिकाणी वापरतात त्यात आठवड्याला ९ ते १९ तास म्हणजे इंटेन्सिव्ह आउटपेशंट (ॲडमिट न होता घेतलेले जास्त तासांचे उपचार) आणि २० किंवा जास्त तास म्हणजे त्याच्या वरची पायरी. मी आधी वरच्या पायरीवर होते, मग खालच्या. आठवड्यातून एकदा तासभर काउन्सेलिंग म्हणजे डे ट्रीटमेंट नव्हे, कुणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी.

दिवस सुरू व्हायचा तो फुंकर मारून, म्हणजे ब्रेथ टेस्ट. अधूनमधून लघवीची टेस्ट, तीही आधी न सांगता. त्यात ईटीजी नावाचा प्रकार असतो (दारू पचल्यावर शरीरात उरणारा पदार्थ शोधतात), त्यात दोन-तीन दिवसांपूर्वीचं पिणंसुद्धा कळतं, पण सॅनिटायझर फार वापरला तरी थोडं पॉझिटिव्ह येऊ शकतं हे माहीत असू द्या, नाहीतर उगीच घरात महाभारत. काहींना टेस्टचा अपमान वाटायचा. मला उलट बरं वाटलं, कारण घरी कुणाला माझा वास घेत फिरायची गरज राहिली नाही, तो प्रश्न सकाळी तिथेच मिटायचा.

मग चेक-इन, त्यानंतर एक माहितीचं सेशन (मेंदू, लिव्हर वगैरे, खरं सांगायचं तर हे मला पहिल्या ॲडमिशनपासून पाठ होतं), मग ग्रुप, ठरलेल्या दिवशी काउन्सेलरशी एकटीने बोलणं आणि डॉक्टरांची भेट.

सगळ्यात मोलाचं काय वाटलं तर सुरुवातीच्या दिवसांत काउन्सेलर मॅडमनी माझ्याकडून करून घेतलेला रिलॅप्सचा उलटा तपास. एक मोठा कागद, उजव्या टोकाला पहिला ग्लास, आणि तिथून मागे मागे जायचं. त्याच्या आदल्या दिवशी काय? आदल्या आठवड्यात? त्याच्या आधी? मी म्हणत होते की काही नाही हो, अचानकच झालं, आणि कागद भरत गेला. झोप तुटायला लागली होती, गोळ्या संपल्यावर परत आणल्या नव्हत्या, ज्या मैत्रिणीला रोज फोन करायचे तिचे फोन उचलणं बंद, ताईने विचारलं की "मस्त चाललंय". पहिला ग्लास आला तोवर कागदाचा तीन-चतुर्थांश भाग भरलेला. तो कागद माझ्या आणि नवऱ्याच्या दोघांच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवलाय. आता झोप सलग बिघडली की तो सरळ विचारतो, "डॉक्टरांना फोन करू का?" आणि ते आधीच ठरलेलं असल्यामुळे मला टोचत नाही.

आणि दुसरं म्हणजे संध्याकाळ. निघण्याआधीचा शेवटचा ग्रुप फक्त त्यासाठी. प्रत्येकाने सांगायचं की आता इथून निघाल्यापासून झोपेपर्यंत काय करणार, आणि "घरी जाईन, आराम करेन" चालायचं नाही. मॅडम विचारायच्या, कुठल्या रस्त्याने? घरात तेव्हा कोण असतं? सात ते नऊ काय? एक काका होते, निवृत्त, दिवसभर एकदम व्यवस्थित बोलणारे, आणि सात ते नऊ म्हटलं की गप्प व्हायचे. बायको गेल्यापासून ते दोन तास रिकामे. मग ग्रुपमधल्या दोघांनी वेळ वाटून घेऊन त्यांना फोन करायचं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले की सगळ्यांच्या नजरा ब्रेथ टेस्टच्या मशीनकडे.

ॲडमिट असताना हे होत नाही. तिथे दारू नाही, भांडण नाही, ऑफिस नाही, त्यामुळे सगळं जमतं आणि बाहेर आल्यावर एकदम सगळं अंगावर येतं. इथे सकाळी शिकलेलं संध्याकाळी त्याच घरात, त्याच माणसांत वापरायचं आणि फसलं तर बारा-चौदा तासांत परत सांगायला जागा आहे. क्रेव्हिंग (पिण्याची तीव्र ओढ) आली की घड्याळ बघायचं, कुठे जाणवतंय ते बघायचं (मला घशात आणि हातात), बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत लाट ओसरते, हे मला पहिल्या वेळीही शिकवलं होतं पण पाठांतरासारखं. या वेळी आदल्या रात्री स्वयंपाकघरात उभं राहून केलेलं सकाळी सांगता आलं तेव्हा ते खरंच माझं झालं.

अर्थात घरात कुणी पिणारं असेल, मारहाण असेल, किंवा राहायला नीट जागाच नसेल तर रोज संध्याकाळी त्याच घरात परत पाठवणं चुकीचं आहे, अशांना ॲडमिट होणंच बरं. जीव द्यायचे विचार येत असतील तर तेही आधी डॉक्टरांना सांगा.

औषधांचं थोडं. मला नाल्ट्रेक्सोन दिलं, ५० मिलिग्रॅम रोज एक. आधी लिव्हरची टेस्ट झाली, आणि अफूवर्गातली वेदनाशामकं घेत असाल तर ते चालत नाही म्हणून तेही विचारलं. माझी ओढ कमी झाली, पहिले काही दिवस मळमळ होती. लिव्हर खराब असलेल्यांना काहींना ॲकॅम्प्रोसेट होतं, त्याच्यासाठी किडनी बघतात. डायसल्फिराम (वर दारू प्यायली की त्रास होतो अशी गोळी) घेणाऱ्याने ती थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत पिऊ नये, रिॲक्शन येऊ शकते, आणि ती गोळी माणसाला न सांगता गुपचूप देणं धोकादायक आहे, घरच्यांनी हे प्लीज लक्षात घ्या. "गोळी म्हणजे कुबडी" असं ग्रुपमध्येसुद्धा काहीजण म्हणायचे. मला ते अजिबात पटत नाही, बीपीच्या गोळीला कुणी कुबडी म्हणत नाही.

आता न आवडलेलं. मधेच माझी काउन्सेलर बदलली, आधी काही न सांगता, एका सोमवारी खुर्चीत दुसरंच कुणी. रिलॅप्समधून उठणाऱ्या माणसाशी असं करू नये, विश्वास बसायला किती वेळ लागतो हे त्यांना माहीत असायला हवं. दुसरं, ग्रुपमध्ये आम्ही बायका अगदी कमी. पुरुषांसमोर काही गोष्टी बोलताच येत नाहीत, मी आणि अजून एक-दोघींनी मागे लागून फक्त बायकांचा वेगळा ग्रुप सुरू करून घेतला आणि तिथे पहिल्याच दिवशी जे बाहेर आलं ते आधीच्या सगळ्या ग्रुपमध्ये मिळून आलं नव्हतं. बायकांनी जॉइन होण्याआधी हे नक्की विचारा. फॅमिली सेशनही फार कमी होते. नवऱ्याला तिथे पहिल्यांदा म्हणता आलं की "मला रोज दार उघडताना भीती वाटते", आणि ते ऐकून मी काही बोलूच शकले नाही, असं सेशन एकदाच ठेवून कसं चालेल?

आणि सोडताना घाई. आठवड्याच्या पाच दिवसांवरून थेट एका दिवसावर आणणार होते. मी आणि ताईने बसून वाद घातला, मग पाचचे तीन, तीनचे दोन असं उतरवलं. उतरवताना प्रत्येक वेळी पहिला आठवडा मला जड गेला, झोप बिघडली, चिडचिड वाढली, तेव्हा एकदम एकावर आणलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. व्यसनाच्या आजारात उपचारानंतरही ४० ते ६० टक्के लोकांना रिलॅप्स होतो असं अमेरिकेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूज सांगते, दमा आणि बीपीमध्येही साधारण तसंच. मग दम्याच्या पेशंटला इनहेलर संपल्यावर "झालं तुमचं" म्हणतात का? जॉइन होतानाच विचारा की दिवस कसे कमी करणार, नंतर फॉलोअप किती काळ, आणि परत घसरलं तर लगेच घेणार की वेटिंग. आमच्याकडे परत घेतात, त्याच आठवड्यात, आणि ते काका मधे असेच परत आले. कुणी भाषण दिलं नाही, नवीन कागद काढला आणि उजव्या टोकापासून सुरुवात केली.

मी सध्या आठवड्यातून एकदा जाते, गोळी चालू आहे, लिव्हरचे रिपोर्ट सुधारलेत. जागेचं नाव मुद्दाम लिहिलं नाही, काउन्सेलर बदलत असतात, तुमच्या जवळच्या ठिकाणी वरचे प्रश्न घेऊन जा आणि उत्तरं समोरासमोर घ्या, जमलं तर घरातलं एक माणूस बरोबर न्या.